पुराच्या बोटीवरील मोटारीत तेलाच्या सेन्सरची व भोंग्याची तपासणी

पंचगंगा, कृष्णा, वारणा व दूधगंगा या नद्यांच्या काठी वसलेल्या कोल्हापूर जिल्ह्यातील गावांना पूर नवा नाही. कसबा बावड्याजवळील राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचे पाणी ३९ फुटांवर पोचले की इशारा दिला जातो व ४३ फुटांवर धोका समजला जातो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये हेच पाणी ५५ फुटांच्याही वर चढले होते. करवीर तालुक्यातील प्रयाग चिखली व आंबेवाडी, शिरोळ तालुक्यातील नृसिंहवाडी, कुरुंदवाड, राजापूर, खिद्रापूर अशा गावांतून माणसे व जनावरे त्या वेळी हलवावी लागली. पूर्वी अशा प्रसंगी गुऱ्हाळातील काहील पाण्यात सोडून तीतून माणसे पलीकडे नेली जात. आता त्या जागी आउटबोर्ड मोटार बसविलेली रबरी किंवा फायबरची बोट आली आहे. सोय मोठी झाली. परंतु काहिलीला तेल लागत नव्हते, मोटारीस लागते.

भरल्या पुरात मोटार बंद पडली तर बोट प्रवाहाच्या स्वाधीन होते. काठावरील विजेचे खांब, तारा, बुडालेली झाडे व पुलाचे कठडे यांवर ती आपटू शकते. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे ८ ऑगस्ट २०१९ रोजी पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटून अनेकांना प्राण गमवावे लागले, हे कृष्णाकाठ विसरलेला नाही. ती बोट तेलाअभावी उलटली असे नाही. परंतु पुराच्या पाण्यात चुकीला किती थोडी जागा असते हे त्या दिवशी सर्वांनी पाहिले. म्हणून ज्या बिघाडाची सूचना आधी मिळू शकते तो बिघाड तरी प्रवाहाच्या मध्यभागी उद्भवू नये, इतकी काळजी काठावर असतानाच घेतली पाहिजे. तेल संपणे हा असाच बिघाड आहे.

दोन धावांच्या इंजिनाला वेगळे तेल का लागते

विहिरीवरील डिझेल इंजिन शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाचे असते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात अशी इंजिने व त्यांचे सुटे भाग पिढ्यान्‌पिढ्या तयार होत आले आहेत. त्या इंजिनाच्या पोटात तेल साठविलेले असते. ते तेच ते फिरत राहते आणि पट्टी बाहेर काढून पाहिली की पातळी समजते. दोन धावांच्या म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनात तेलाचा असा साठा नसतो. पेट्रोल व हवा यांचे मिश्रण प्रथम क्रँकच्या पेटीतून जाते व तेथून सिलिंडरमध्ये चढते. क्रँकचे बेअरिंग, कनेक्टिंग रॉड व पिस्टन यांना या मिश्रणाबरोबर जे तेल मिळेल तेवढेच वंगण. तेही पेट्रोलबरोबर जळून जाते. येणारे तेल थांबले की थोड्याच वेळात पिस्टन तापून सिलिंडरला धरतो. असे धरलेले इंजिन दोरी ओढून पुन्हा चालू होत नाही.

हे तेल देण्याच्या दोन रीती आहेत. पहिली जुनी व सरळ. जुन्या लूना किंवा स्कूटरप्रमाणे पेट्रोलमध्येच तेल मिसळावयाचे. अनेक मोटारींस ५० भाग पेट्रोलला १ भाग तेल हे प्रमाण सांगितलेले असते, म्हणजे १० लिटर पेट्रोलला २०० मिलिलिटर तेल. मोटार नवी असताना प्रारंभीच्या काही तासांत याहून अधिक तेल घालावे लागते. अशा मोटारीस तेलाची वेगळी टाकी नसते, म्हणून सेन्सरही नसतो. तेव्हा ज्या गावात अशी मोटार आहे तेथे भोंगा शोधत बसण्याचे कारण नाही. तेथे डब्यावर रंगाने काढलेली खूण हाच सेन्सर होय.

दुसऱ्या रीतीत तेलाची टाकी निराळी असते आणि इंजिनवर चालणारा छोटा पंप लागेल तेवढे तेल आपोआप पुरवितो. मोटार मंद चालत असता तेल कमी जाते, वेग वाढला की अधिक जाते. मोटारसायकलींत रुळलेली ही योजना १९८० नंतर आउटबोर्ड मोटारींतही पसरली. यात मिसळण्याची कटकट नाही, धूर कमी होतो. परंतु तेलाची टाकी रिकामी झाली तरी पेट्रोल येतच राहते आणि इंजिन पूर्वीसारखेच धावते, अगदी शेवटच्या क्षणापर्यंत. हा धोका ओळखूनच निर्मात्यांनी टाकीत सेन्सर व चालकाजवळ भोंगा बसविला.

गावात दोन प्रकारच्या दोन मोटारी असतील तर विशेष सावधगिरी हवी. वेगळ्या टाकीच्या मोटारीची सवय झालेला चालक दुसऱ्या मोटारीत नुसते पेट्रोल ओतून निघाला तर ती मोटार काही मिनिटांतच निकामी होऊ शकते, आणि तिला सावध करणारा भोंगाही नसतो. म्हणून प्रत्येक मोटारीच्या झाकणावर 'तेल मिसळलेले पेट्रोल' किंवा 'नुसते पेट्रोल, तेल टाकीत' असे मोठ्या अक्षरांत रंगवून घ्यावे.

सेन्सर कसा चालतो

घरावरील पाण्याच्या टाकीत तरंगता गोळा असतो, तो पाण्याबरोबर चढतो व उतरतो. तेलाच्या सेन्सरमध्येही हीच युक्ती आहे. टाकीच्या झाकणाखाली किंवा बाजूला एक उभी दांडी असते व तिच्यावर एक छोटा तरंगता गोळा, आकाराने बहुधा कड्यासारखा, वरखाली सरकतो. या गोळ्यात चुंबक असते. दांडीच्या आत चुंबकाच्या ओढीने मिटणारी एक बारीक कळ बसविलेली असते. तेल उतरून गोळा ठरावीक जागी आला की कळ मिटते, वीज वाहते आणि भोंगा वाजतो. काही मोटारींत त्याबरोबर तांबडा दिवाही लागतो व इंजिनाचा वेग आपोआप कमी होतो. भोंगा वाजल्यावरही टाकीत थोडे तेल शिल्लक राहील अशी योजना असते. ही शिल्लक काठावर येण्यासाठी आहे, आणखी एक फेरी मारण्यासाठी नव्हे.

या रचनेतच एक उणीव आहे आणि ती प्रत्येक ग्रामकार्यकर्त्याने नीट समजून घेतली पाहिजे. बहुतेक मोटारींत तेल पुरेसे असताना कळ उघडी असते व भोंगा मुका असतो. परंतु तार तुटली, जोड गंजला, फ्यूज उडाला, बॅटरी उतरली किंवा गोळा चिकट तेलात वरच अडकून बसला, तरीही भोंगा मुकाच राहतो. म्हणजे 'सर्व ठीक आहे' आणि 'यंत्रणा मेली आहे' या दोन्ही अवस्था चालकाला सारख्याच भासतात. पुराची बोट वर्षातून दहा महिने ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या खोलीत पडून असते. तेथे उंदीर तारा कुरतडतात व दमट हवेने जोड हिरवे पडतात. अशा मोटारीचा भोंगा वाजत नाही यावरून काहीही सिद्ध होत नाही. तो मुद्दाम वाजवून पाहिला पाहिजे.

तपासणीची रीत

ही तपासणी वळवाचे पाऊस पडू लागतात त्या सुमारास, मे महिन्यातच करावी. नदीने पात्र सोडल्यावर सुटा भाग मिळत नाही आणि मिस्त्रीही सापडत नाही. अशा वेळी पुणे किंवा मुंबईहून सेन्सर मागविण्यात बोटीचा उपयोग करावयाचे दिवस निघून जातात.

प्रथम बॅटरी पाहावी. भोंग्याला वीज तीच पुरविते. विसावलेल्या बारा व्होल्टच्या बॅटरीचे माप १२.४ व्होल्टांहून खाली असेल तर ती भारित करून घ्यावी व दोन दिवसांनी पुन्हा मोजावी. टोकांवरील पांढरट क्षार कोमट पाण्याने धुऊन, पुसून, जोड घट्ट आवळावेत. यानंतर किल्ली चालू स्थितीत फिरवावी. अनेक मोटारींत त्या क्षणी भोंगा एकदा लहानसा आवाज देतो व दिवे क्षणभर लागतात. आवाज आला तर बॅटरी, फ्यूज व भोंगा शाबूत आहेत असे समजावे. सेन्सर शाबूत आहे असे मात्र अद्याप समजू नये. पुष्कळ ठिकाणी तपासणी येथेच थांबते व वहीत 'अलार्म ठीक' अशी नोंद होते. ही नोंद अर्धी खरी असते.

सेन्सरची परीक्षा निराळी. तेलाच्या टाकीचे झाकण भोवतालची धूळ पुसून मगच उघडावे, कारण आत पडलेला वाळूचा कण पुढे पंपात जातो. सेन्सर तारांसह हलक्या हाताने वर काढावा, निथळू द्यावा व स्वच्छ फडक्याने पुसावा. गोळा बोटाने वरखाली सरकवून पाहावा. तो स्वतःच्या वजनाने खाली घसरला पाहिजे. अडखळत असेल तर दांडीवरील चिकटा थोड्या रॉकेलने धुऊन काढावा, खरवडू नये. आता किल्ली चालू ठेवून गोळा अगदी खाली येऊ द्यावा व थोडा वेळ थांबावे, कारण टाकीतील तेल हिंदकळले तर उगाच भोंगा वाजू नये म्हणून काही मोटारींत हा इशारा मुद्दाम काही सेकंद उशिरा येतो. भोंगा वाजला व गोळा वर उचलताच थांबला, म्हणजे गोळ्यापासून भोंग्यापर्यंतचा सर्व मार्ग जिवंत आहे.

काही मोटारींत इंजिन चालू असल्याशिवाय हा भोंगा वाजत नाही. तेथे खालचा पाय पाण्याच्या पिंपात पुरेसा बुडवूनच इंजिन चालू करावे. कोरड्यावर चालविल्यास थंडाव्याचे पाणी ओढणारा रबरी पंखा थोड्याच वेळात जळतो, आणि तपासणीनेच नवा बिघाड उत्पन्न होतो. पिंपाशी उभ्या असलेल्या माणसाने फिरत्या पंख्यापासून दूर राहावे. इंजिन गिअरमध्ये टाकू नये.

भोंगा न वाजल्यास दोष कोठे आहे हे विजेच्या मीटरने उमगते. सेन्सरच्या दोन तारा सोडवून मीटरची टोके त्यांना लावावीत व गोळा वरखाली करावा. एका टोकाला मीटर जवळजवळ शून्य रोध दाखवील, दुसऱ्या टोकाला मार्ग तुटल्याचे दाखवील. कोणत्या टोकाला काय दिसावे हे मोटारीगणिक बदलते. महत्त्वाचे हे की गोळा हलताच मीटर बदलला पाहिजे. बदलत नसेल तर सेन्सर गेला. बदलत असेल व तरीही भोंगा मुका असेल तर तार, जोड किंवा भोंगा यांत दोष आहे. यापुढील काम तारांचा नकाशा पाहू शकणाऱ्या मिस्त्रीकडे सोपवावे.

उलट प्रकारही घडतो. टाकी भरलेली असून भोंगा वाजत राहतो. गोळा तेल शोषून जड झालेला असतो, झाकण वाकडे बसलेले असते किंवा दोन तारांचे वेष्टन निघून त्या एकमेकींस चिकटलेल्या असतात. अशा वेळी त्रासलेला चालक तार तोडून भोंगा गप्प करतो. यासारखी घातक दुरुस्ती दुसरी नाही. ज्याने तार तोडली त्याला ते ठाऊक असते. पुढच्या वर्षी ती बोट घेऊन जाणाऱ्या दुसऱ्या माणसाला ठाऊक नसते. तपासणी करणाराने तोडलेली, पिळलेली किंवा चिकटपट्टी गुंडाळलेली तार दिसते काय हे अवश्य पाहावे.

टाकी भरलेली, इंजिन कोरडे

सेन्सर केवळ पातळी सांगतो. तेल इंजिनापर्यंत पोचते की नाही हे बहुतेक सेन्सरांना कळत नाही. पंपाची दातेरी चक्री झिजली, नळी चिमटली किंवा नळीत हवा अडकली तर तेल टाकीतच राहते, पातळी उतरत नाही, भोंगा वाजत नाही आणि इंजिन जळते. याला उपाय साधा आहे, पैसाही लागत नाही. टाकीच्या बाहेर तेलाच्या पातळीवर खडूने किंवा रंगाने रेघ ओढावी. सुमारे १० लिटर पेट्रोल जळाल्यावर पुन्हा पाहावे. पूर्ण वेगाने चालविल्यास २०० मिलिलिटरच्या आसपास तेल उतरले पाहिजे, मंद चालविल्यास त्याहून कमी. रेघ जागची हलली नसेल तर मोटार तेथेच थांबवावी.

तेलाची नळी काढली असेल किंवा टाकी एकदा कोरडी पडली असेल तर नळीतील हवा पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे बाहेर काढावी. नंतरच्या पहिल्या टाकीत पेट्रोलमध्येही ५० ला १ या प्रमाणात तेल मिसळावे. पंप चालू असेल तर तेल दुप्पट होईल, धूर निघेल, प्लग काळे पडतील. परंतु इंजिन वाचेल. पुराच्या वेळी पंपाबद्दल शंका आली तर हीच युक्ती करावी. त्यासाठी तेलाचे एक बंद डबडे व मापाचा पेला बोटीत बांधून ठेवावा.

हिशेब आधीच करून ठेवलेला बरा. ४० अश्वशक्तीची दोन धावांची मोटार पूर्ण वेगाने तासाला साधारणतः १५ ते २० लिटर पेट्रोल जाळते. म्हणजे ३०० ते ४०० मिलिलिटर तेल. टाकी दीड लिटरची असेल तर ती चार-पाच तासांत रिकामी होईल. पूरकाळात बोट सकाळी निघते ती अंधार पडेपर्यंत फिरते. चिखलीसारख्या गावात जनावरे सोडून लोक निघत नाहीत, मग वैरण व औषधे यांच्याही फेऱ्या होतात. तेव्हा पहिल्याच दिवशी दुपारी भोंगा वाजण्याची वेळ येणार हे गृहीत धरून प्रत्येक वेळी पेट्रोलबरोबर तेलही भरावे.

तेल कोणते, हाही प्रश्न पुष्कळदा चुकतो. पाण्याने थंड होणाऱ्या आउटबोर्ड मोटारीसाठी 'टीसी-डब्ल्यू ३' असा शिक्का असलेले तेल मिळते. ते राख न करणारे असते. मोटारसायकलीचे टू-टी तेल किंवा डिझेल इंजिनाचे तेल याच्या जागी घालू नये. त्याची राख प्लगवर व पिस्टनवर साचते, आणि जाड तेल थंड पावसाळी हवेत बारीक नळीतून नीट वाहतही नाही.

टाकीत पाणी शिरले आहे काय हेही पाहावे. पाणी तेलाहून जड असल्यामुळे तळाशी बसते व पंप प्रथम तेच ओढतो. गोळा मात्र वर तरंगत राहतो, म्हणून सेन्सरला याचा पत्ता लागत नाही. तळातील थोडे तेल काचेच्या बाटलीत काढून रात्रभर ठेवावे. खाली पाण्याचा थर जमला किंवा तेल दुधाळ दिसले तर टाकी रिकामी करून, पुसून, ताजे तेल भरावे.

भोंगा वाजल्यास

एकच भोंगा निरनिराळ्या गोष्टींसाठी वाजतो. तेलासाठी एक प्रकारचा आवाज, इंजिन तापल्यास दुसरा. कोठे तुटक, कोठे सलग. प्रत्येक कंपनीची खूण वेगळी असल्याने मोटारीच्या पुस्तिकेतील अर्थ मराठीत लिहवून झाकणाच्या आतील बाजूस चिकटवावा. पंचगंगेत जलपर्णी विपुल आहे. पुरात तिच्याबरोबर उसाचे पाचटही वाहते व पाणी ओढण्याची जाळी बुजते. म्हणून भोंगा वाजताच प्रथम मागे पाहावे. मोटारीतून बाहेर पडणारी पाण्याची धार बंद झाली असेल तर इंजिन तापत आहे. धार नीट असेल तर तेलाकडे लक्ष द्यावे.

तेलाचा इशारा असल्यास वेग कमी करावा, परंतु धारेच्या मध्यभागी इंजिन बंद करू नये. बोट संथ पाण्याकडे, झाडांच्या किंवा घरांच्या आडोशाला न्यावी, दोर बांधावा आणि मगच इंजिन थांबवून तेल ओतावे. बोटीत बसलेल्यांना जागेवरून उठू देऊ नये. वल्ही बोटीत असलीच पाहिजेत. भोंगा वाजत असता 'एवढी खेप टाकून येऊ' असे म्हणण्याचा मोह चालकास होतो, काठावरील मंडळीही त्यास तसाच आग्रह करतात. थांबलेल्या माणसांची घाई समजण्यासारखी आहे. तरी तेल भरण्यास पाच मिनिटे पुरतात आणि धरलेले इंजिन त्या पुरात पुन्हा कामी येत नाही. थांबण्याचा निर्णय चालकाचाच असावा व तो सर्वांनी मानावा, असे गावाच्या आपत्ती व्यवस्थापन समितीने पूर येण्यापूर्वीच ठरवून टाकावे.

तपासणीची नोंद वहीत करताना 'ठीक' एवढाच शब्द लिहू नये. गोळा खाली केल्यावर भोंगा वाजला किंवा नाही, बॅटरी किती व्होल्ट, १० लिटर पेट्रोलमागे तेल किती उतरले, तळातील तेलात पाणी आढळले काय, हे तारखेसह व तपासणाराच्या सहीसह लिहावे. पूर ओसरल्यावर मोटार पिंपातील स्वच्छ पाण्यात चालवून आतील गाळ काढावा. तेलाची टाकी काठोकाठ भरून ठेवावी, म्हणजे आतील हवेतील दमटपणाचे पाणी साचत नाही. बॅटरी सोडवून कोरड्या जागी ठेवावी व महिन्यातून एकदा भारित करावी. सेन्सरच्या तारा उंदरांपासून वाचविण्यासाठी रबरी नळीत घालून उंच बांधाव्यात.